रेडिओची खरखर व आमचा एरियल

कान हें इंद्रिय मोठें गरीब आहे. पाहावयाचें नसेल तेव्हां डोळा मिटतां येतो, बोलावयाचें नसेल तेव्हां जीभ आवरतां येते. पण कानाला ईश्वरानें पापणी दिलेली नाहीं. जें येईल तें त्यास मुकाट्यानें ऐकून घ्यावें लागतें. रेडिओचा एरियल हाहि असाच एक कान आहे. दूरच्या केंद्रावरून येणारें गाणें आणि शेजारच्या खोलींतील विजेच्या दिव्याची खरखर या दोहोंत आपलें कोणतें व परकें कोणतें हें त्यास कळत नाहीं. तें त्यास शिकवावें लागतें. हा धडा त्यास शिकवितांना आम्हांस स्वतःलाच जे धडे मिळाले, ते आमच्या शाळेच्या वार्षिकांत विद्यार्थीमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर वसईच्या पश्चिम पट्ट्यांत, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस रेल्वे यांच्या मधल्या एका वाडींत आहे. नंदाखाल, निर्मळ, भुईगांव, गास या बाजूचा मुलूख ज्यांनीं पाहिला आहे त्यांस केळींच्या बागा, पानवेली, विहिरी व फुलझाडें यांचें वर्णन करून सांगावयास नको. मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. विरारपर्यंतची आगगाडी विजेवर धावूं लागली ती १९३६ सालीं, आणि त्याच सालीं सरकारी नभोवाणीस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. वीज आणि नभोवाणी हीं दोन भावंडें अशीं जवळजवळ बरोबरीनेंच आमच्या बाजूस येऊन पोंचलीं. पुढें मात्र एका भावंडानें दुसऱ्याचें बोलणें बुडवावें असा प्रकार झाला. वाडींत दिवे थोडे होते तोंपर्यंत रेडिओंत खरखर होई ती बहुतेक ढगांतील विजेची. आतां एकेका घरांत मोबाइलचे चार-पांच चार्जर, एलईडीचे दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर आणि दूरचित्रवाणी असा संसार असतो. यांतील प्रत्येक वस्तु थोडी थोडी कुजबुज करिते, आणि सगळ्यांच्या कुजबुजीचा मिळून बाजार होतो.

आमच्या मातोश्रींची दृष्टि काचबिंदूनें गेली होती. वर्तमानपत्र सुटलें, प्रार्थनेचें पुस्तक हातीं धरावयाचें तें केवळ संवयीनें. उशाशीं असलेला एक लहानसा रेडिओ हेंच त्यांचें वाचनालय होतें. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, पुण्यास असे. ती संधिवातानें अंथरुणास खिळलेली. दोघी बहिणींनीं एक नेम केला होता. पुणें केंद्रावर नभोनाट्य अगर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला, कीं एकीनें पुण्यास व दुसरीनें वसईस तो ऐकावयाचा, आणि संपतांच दूरध्वनीवरून त्याविषयीं बोलावयाचें. नाटकांतील सुनेचें चुकलें कीं सासूचें, यावर त्यांचा अर्धा अर्धा तास वाद चाले. एकत्र बसून गोष्टी करणें ज्यांच्या नशिबीं उरलें नव्हतें, त्यांनीं तें सुख असें हवेवरून मिळविलें होतें.

२०१६ सालच्या पावसाळ्यानंतर मातोश्री हळूहळू रेडिओ लावीनाशा झाल्या. विचारलें तर म्हणाल्या, “मेला नुसता खरखरतो. कान किटले माझे.” आम्हीं तें वार्धक्याचें कुरकुरणें समजून सोडून दिलें, हें कबूल केलें पाहिजे. पुढें एके रात्रीं मावशीचा फोन आला असतां आम्ही जवळच होतों. पलीकडून मावशीनें विचारिलें, “ताई, ऐकलंस ना? शेवट कसा वाटला तुला?” मातोश्री क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “ऐकलं ग. चांगला होता शेवट.” त्या दिवशीं रेडिओ लाविलाच नव्हता. जन्मांत कोणाशीं खोटें न बोललेली आमची आई, बहिणीस वाईट वाटूं नये म्हणून, खोटें बोलली. फोन ठेवून त्यांनीं तोंड भिंतीकडे फिरविलें. तेव्हां मात्र ही खरखर केवळ यंत्रांतली राहिली नाहीं, ती घरांत शिरली आहे, हें आम्हांस कळून चुकलें.

येथें कोणी विचारील कीं, मुंबईचें केंद्र जवळ असतां पुण्याचाच हट्ट कां? मुंबईच्या केंद्राचे मध्यमलहरींचे क्षेपक मालाडच्या बाजूस, म्हणजे आमच्या घरापासून सरळ दक्षिणेस सुमारें २० किलोमीटरांवर होते. त्यांचा आवाज इतका खणखणीत येई कीं घरांतील खरखर त्यापुढें नमून जाई. पुणें केंद्राची गोष्ट निराळी. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालेलें हें केंद्र आम्हांपासून आग्नेयेस सुमारें १४५ किलोमीटर दूर, आणि मध्यें सह्याद्रि. ७९२ किलोहर्ट्झवरील त्याचा आवाज आमच्याकडे येई, पण थकल्या पाहुण्यासारखा. अशा पाहुण्याचें बोलणें ऐकावयाचें तर घरांत शांतता हवी. मग एफएमवर कां ऐकूं नये? एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकानें १९३३ सालीं ज्या पद्धतीचीं पेटंटें मिळविलीं ती ही एफएम. खरखर ही मुख्यतः लहरींची उंची कमीजास्त करिते, आणि एफएममध्यें संदेश उंचींत नसून लहरींच्या झपाट्यांत असतो. म्हणून तेथें खरखर फारशी बाधत नाहीं. परंतु एफएमच्या लहरी बहुतेक दृष्टीच्या रेषेंत जातात. सह्याद्रि ओलांडून आमच्या केळींच्या बागेंत उतरणें त्यांस जमत नाहीं. मावशीचें पुणें आम्हांस मध्यमलहरींवरच गांठावयाचें होतें.

ही खरखर होते तरी कशी? विजेचा प्रवाह जेव्हां जेव्हां एकदम तुटतो अगर जुळतो, तेव्हां तेव्हां त्यांतून लहरी निघतात. मार्कोनीनें आपले पहिले बिनतारी संदेश पाठविले ते ठिणग्या पाडूनच. म्हणून ठिणगी पडणारें प्रत्येक बटण हा एक लहानसा, अडाणी ध्वनिक्षेपक आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. एलईडीच्या दिव्यांत आणि चार्जरमध्यें ठिणगी नसते, पण आंतील इवलेसें यंत्र प्रवाहाची उघडझाप सेकंदाला हजारों वेळां करीत असतें. या उघडझापेच्या पटी वर वर चढत मध्यमलहरींच्या सबंध पट्ट्यांत पसरतात. चांगल्या कारागिरीच्या दिव्यांत या लहरी आंतल्या आंत अडविण्याची योजना असते. स्वस्ताईसाठीं ती गाळली कीं त्या लहरी घरांतील विजेच्या तारांवर चढतात, आणि भिंतींतून फिरलेल्या त्या सगळ्या तारा मिळून खरखरीचा एक भला मोठा एरियल होतो.

हें सर्व ज्ञान आम्हांस आरंभीं नव्हतें. आम्हीं जें पहिलें औषध केलें तें रोगाहून वाईट होतें. आवाज क्षीण येतो, तर एरियल मोठा पाहिजे, असा सरळ हिशेब मांडून आम्हीं ६० फूट तांब्याची तार आणिली. ती गच्चीच्या कठड्यावरून नेऊन, विजेच्या मीटरच्या पेटीशेजारून, भिंतीच्या कडेनें खालीं सोडिली आणि मोठ्या रेडिओस जोडिली. सायंकाळीं सगळ्या घराला बोलावून बटण फिरविलें. खरखर दुपटीनें वाढली होती! शिवाय मालाडचे बलवान क्षेपक त्या लांब तारेवर असे स्वार झाले कीं, जेथें पुणें असावयाचें तेथेंहि मुंबईच बोलूं लागली. मुलांनीं हंसूं दाबलें. मातोश्री मात्र आमची समजूत घालीत म्हणाल्या, “राहूं दे रे. केलंस एवढं पुष्कळ झालं.”

या फजितींतून पहिला धडा मिळाला. समजा, आगाशीच्या बाजारांत कोळिणींच्या गलक्यांत उभें राहून आपणांस एका म्हाताऱ्या गृहस्थाचें हळू बोलणें ऐकावयाचें आहे. अशा वेळीं कानास मोठा कर्णा लाविला तर काय होईल? गृहस्थाचा आवाज मोठा होईल, आणि गलकाहि तितकाच मोठा होईल. कळावयाचें तें कळणार नाहींच. महत्त्व आवाजाच्या मोठेपणाला नाहीं. बोलणें गलक्याच्या किती पट आहे, या प्रमाणाला आहे. हें प्रमाण सुधारण्याचे मार्ग तीनच. गलका बंद करावा, गलक्यापासून दूर जावें, अगर गलक्याकडे पाठ करून बोलणाराकडे कान द्यावा. एरियलची निवड म्हणजे या तीन मार्गांची निवड होय. आमची तार विजेच्या मीटरला खेटून आली होती, म्हणजे आम्हीं कर्णा नेमका कोळिणींच्या तोंडाशीं धरिला होता.

दुसरा धडा अधिक लाजिरवाणा आहे. आमच्या ईशान्येस, कुंपणापलीकडे, एक शेजारी राहतात. त्यांच्या घरीं त्याच वर्षीं नवा इन्व्हर्टर आला होता. वीज जाऊन परत आली कीं रेडिओंत एक विशिष्ट गुणगुण सुरू होई, एवढ्या पुराव्यावर सगळा दोष आम्हीं त्या इन्व्हर्टरच्या माथीं मारिला. काकांना चार शब्द सुनवावे म्हणून आम्ही वहाणा पायांत घालीत होतों, तोंच मातोश्री आंतून म्हणाल्या, “त्यांच्याकडे जायच्या आधीं आपल्या घरांतलं तर बघ.” शेजाऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ यांची गोष्ट आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल! पण घरीं ती आठवण्यास अंध आईची आवश्यकता लागली.

मग दुसऱ्या दिवशीं रीतसर परीक्षा केली. बॅटरीवर चालणारा रेडिओ घेतला, पुणें केंद्राच्या शेजारीं मोकळी जागा पाहून तेथें कांटा ठेविला, आणि घराची मुख्य कळ बंद केली. सारें घर काळोखांत बुडालें, आणि रेडिओ एकदम शांत झाला. इतका शांत, कीं दूरच्या कुठल्याशा केंद्राचें गाणें बारीक ऐकूं येऊं लागलें. राहिली होती ती एक मंद गुणगुण. बाकी सगळा गोंगाट आमचा आमच्याच छपराखालचा होता! मग मुख्य कळ पुन्हां लावून आम्हीं एकेक दिवा, एकेक पंखा, एकेक चार्जर लावून पाहिला, आणि वहीवर गुण मांडिले. थोरल्या चिरंजिवांचा स्वस्तांतला चार्जर हा एक गुन्हेगार निघाला. दिवाणखान्यांतील पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा दुसरा. पंखा पूर्ण वेगावर ठेविला कीं तो गप्प, मध्यम वेगावर ठेविला कीं कर्कश. पण सर्वांत मोठा गुन्हेगार जेथें सांपडला तेथें आमचा हात क्षणभर थबकला. मातोश्रींच्या पलंगाच्या डोक्याशीं येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. त्यांच्या वाढदिवसास आम्हींच त्या तसबिरीभोवतीं लहान लहान दिव्यांची एक विजेची माळ हौसेनें लाविली होती. त्यांस ती दिसत नव्हती. पण ‘दिवा लागला आहे ना?’ असें त्या रोज सायंकाळीं विचारीत आणि समाधान पावत. त्या माळेचा तळहाताएवढा अडॅप्टर रेडिओपासून अवघ्या दोन हातांवर रात्रंदिवस किंचाळत होता.

हें त्यांस कसें सांगावें, याचा आम्हीं दोन दिवस विचार केला. सांगितलें तेव्हां त्या हंसल्या. म्हणाल्या, “देवाला काय, समई पण चालते. तुझ्या आजोबांच्या वेळेला कुठली आली होती वीज?” त्या दिवसापासून तसबिरीपुढें तेलाचा दिवा लागूं लागला. चार्जर बदलला, रेग्युलेटरच्या जागीं चांगल्या बनावटीचा रेग्युलेटर आणिला, खोलींतील एलईडीचे दोन दिवे बदलून पाहिले, त्यांतला एक शांत निघाला तो ठेविला. रेडिओहि अडॅप्टरवर न लावितां सेलवर लावूं लागलों, कारण विजेची दोरी हीच खरखर आंत आणणारी वाट असते. तीन भागांपैकीं दोन भाग खरखर अशी एक पैचाहि एरियल न घेतां गेली.

उरली ती मंद गुणगुण. आतां मात्र आम्ही काकांकडे गेलों. पण भांडावयास नव्हे, विचारावयास. लहान रेडिओंत फेराइटची एक काळी कांडी असते; बहुधा ती रेडिओच्या लांबीशीं समांतर बसविलेली असते. कांडीच्या टोंकाच्या दिशेनें येणारी लहर तीस जवळजवळ ऐकूंच येत नाहीं, आणि बाजूनें येणारी उत्तम ऐकूं येते. म्हणून रेडिओ हातांत धरून सावकाश फिरविला असतां जेथें गुणगुण मरते, तेथें कांडीचें टोंक गुणगुणीच्या उगमाकडे असतें. तें टोंक काकांच्या घराकडेच होतें. काकांनीं आम्हांस आंत नेलें. आंतल्या खोलींत त्यांचे वृद्ध वडील होते. त्यांस रात्रीं प्राणवायूच्या यंत्रावर ठेवावें लागे. वीज गेली तर तें यंत्र बंद पडूं नये म्हणून तो इन्व्हर्टर आणिलेला. काका म्हणाले, “तुमच्या आईंना त्रास होत असेल तर मी दुसरी कांहीं सोय बघतो.” आम्हीं त्यांस हात जोडिले आणि म्हटलें, “कांहीं एक करूं नका. आम्हीच आमचा कान फिरवितों.” परत येतांना आदल्या आठवड्यांत पायांत घातलेल्या वहाणांची आठवण होऊन आमची मान खालीं गेली.

जो गलका बंद करतां येत नाहीं, आणि बंद करूंहि नये, त्याकडे पाठ फिरविणें हा शेवटचा मार्ग. त्यासाठीं आम्हीं चौकटीचा एरियल निवडला. हा जुन्या काळीं घरोघर लोक करीत असत. रचना इतकी सोपी आहे कीं आठवीं-नववींतील विद्यार्थ्यांस ती सुटीच्या दोन दिवसांत साधेल. लांकडाच्या दोन पट्ट्या अधिकाच्या चिन्हासारख्या जोडून दोन फूट बाजूची चौकट करावी. तिच्यावर वेष्टणाची तांब्याची तार, एकमेकींपासून थोड्या अंतरावर, सुमारें १२ वेढे गुंडाळावी. आणि तारेचीं दोन टोंकें जुन्या रेडिओंत असतो तसल्या ५०० पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला जोडावीं. बस्स! रेडिओस ती तारेनें जोडावी लागत नाहीं. रेडिओ चौकटीच्या जवळ असा ठेवावा कीं आंतील कांडी चौकटीच्या आंसाशीं समांतर राहील. कंडेन्सर फिरवीत गेलें कीं एका ठिकाणीं हवें तें केंद्र एकदम फुलून येतें, आणि शेजारच्या लहरींवरील बलवान केंद्रें मागें सरतात. आमच्या लांब तारेंत मालाडनें जो धुमाकूळ घातला होता, तो या चौकटीनें असा आवरला.

चौकटीचा खरा गुण तिच्या दिशेंत आहे. चौकटीच्या पातळींत असलेल्या दोन्ही दिशांकडून तिला उत्तम ऐकूं येतें. तिच्या आंसाच्या दिशेकडून, म्हणजे जिकडे तिचें तोंड असतें तिकडून, तिला ऐकूं येत नाहीं. पुणें आम्हांस आग्नेयेस. म्हणून चौकटीची कड आग्नेयेकडे केली. त्याबरोबर तिचें तोंड ईशान्येकडे व पाठ नैर्ऋत्येकडे झाली. ईशान्येस काकांचें घर, आणि नैर्ऋत्येस अरबी समुद्र, जेथें खरखर करण्यास कोणी नाहीं! ही आमची हुशारी नव्हे. भूगोलानेंच आम्हांवर कृपा केली. गुणगुण पुण्याच्याच दिशेनें आली असती, तर चौकट फिरवून भागलें नसतें. मग तीस खोली बदलून अगर अंगणांत नेऊन पाहावें लागलें असतें.

आपली खरखर शोधतांना मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीहि हीच वाट असते, हें वाचून आम्हांस धीर आला. अमेरिकेंत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत कार्ल जान्स्की नांवाचा तरुण होता. समुद्रापलीकडील बिनतारी संभाषणांत जी खरखर येते ती कोठून येते, हें शोधण्याचें रुक्ष काम त्यास दिलें होतें. त्यानें सुमारें १०० फूट लांबीचा एक एरियल बांधून तो फोर्ड मोटारीच्या चार चाकांवर बसविला. तो दर २० मिनिटांनीं एक फेरा घेई. त्यानें खरखरीचे तीन भाग केले: जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची, आणि तिसरी एक मंद, अखंड सुस्कारी. ही तिसरी खरखर दररोज सुमारें चार मिनिटें लवकर येते असें त्यास दिसलें. सूर्याचा दिवस २४ तासांचा. ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा. म्हणजे ती खरखर पृथ्वीवरची नव्हतीच, ती आकाशगंगेची होती! १९३३ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें, आणि त्यांतून रेडिओ-खगोलशास्त्र जन्मास आलें. घरांतील कटकट मन लावून तपासणाराला आकाशाचें दार उघडतें, असें हें उदाहरण आहे.

आणि हें शास्त्र आपल्या महाराष्ट्रांतहि नांदत आहे. पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभारलेली प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यभागीं व बाकीच्या तीन हातांवर, अशी ती दूरवर पसरलेली आहे. ही जागा निवडण्याच्या कारणांपैकीं एक महत्त्वाचें कारण हेंच, कीं माणसांनीं केलेली विजेची खरखर तेथें कमी होती. कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेली कुजबुज ज्यांस ऐकावयाची आहे, त्यांनाहि प्रथम शांत शेजार शोधावा लागतो. आम्हीं आमच्या मातोश्रींच्या उशाशीं जें केलें तें त्याच शास्त्राचें अगदीं लहान रूप होतें.

ज्या वाचकांस असा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. प्रथम आपल्या घराची परीक्षा करावी. मुख्य कळ बंद करण्याचें काम मात्र मुलांनीं स्वतः न करतां वडील माणसांकडून करवावें. ज्यांस अंगण आहे त्यांनीं बाहेर तार बांधावी. पण ती घराच्या भिंतीपासून व विजेच्या तारांपासून शक्य तितकी दूर असावी, आणि तिचें बोलणें घरांत आणण्यास साधी तार न वापरतां कोअॅक्सियल केबल वापरावी, म्हणजे वाटेंत खरखर मिसळत नाहीं. तारेच्या मुळाशीं लहानसा ट्रान्सफॉर्मर व जमिनींत ठोकलेली स्वतंत्र अर्थची सळई असल्यास उत्तम. इमारतींत राहणारांस अंगण नाहीं. त्यांनीं चौकट अगर वेटोळें करून तें खिडकीशीं ठेवावें, कारण लोखंड-काँक्रीटच्या भिंती बाहेरचें बोलणें अडवितात आणि आंतली खरखर मात्र राखून ठेवितात. दोन गोष्टी कधींहि विसरूं नयेत. विजेच्या तारांवरून अगर खालून एरियलची तार कधींहि नेऊं नये, हीच गोष्ट प्राणांवर बेततें. आणि वळवाचे ढग जमूं लागले कीं बाहेरचा एरियल रेडिओपासून सोडवून बाहेर ठेवावा. आमच्या किनाऱ्यावर जूनच्या आरंभीं हा नेम धार्मिक व्रतासारखा पाळावा.

चौकट तयार झाली त्या रात्रीं पुणें केंद्रावर एक नभोनाट्य होतें. मातोश्रींनीं समईच्या उजेडांत, जो त्यांस दिसत नव्हता, तें शेवटपर्यंत ऐकिलें. अधूनमधून आवाज थोडा चढे, थोडा उतरे. रात्रींच्या मध्यमलहरींचा तो स्वभावच आहे. पण एकहि वाक्य बुडालें नाहीं. नाटक संपतांच त्यांनीं स्वतःच मावशीस फोन लावावयास सांगितलें. आम्ही बाहेर पडलों, तरी दारांतून ऐकूं आलें तें असें: “आज ऐकलं हां. आणि मागच्या खेपेला मी तुला खोटंच सांगितलं होतं, मला कांहीं ऐकूं आलं नव्हतं.” पलीकडून मावशी काय म्हणाली तें आम्हांस कळलें नाहीं. पण पुढें बराच वेळ दोघी हंसत होत्या, आणि मग नाटकांतल्या सुनेचा विषय निघाला.

त्या गोष्टीस आतां बरींच वर्षें झालीं. दोघी बहिणी प्रभूच्या घरीं गेल्या. मध्यमलहरींचे कांहीं क्षेपकहि देशांत ठिकठिकाणीं बंद झाले आहेत, आणि बहुतेक लोक आकाशवाणी मोबाइलवर ऐकतात. तेथें एरियल शोधण्याची गरज पडत नाहीं. तरी ती दोन फुटांची चौकट आम्हीं माळ्यावर टाकिलेली नाहीं; ती अजून खिडकीशीं आहे. तिची कड आग्नेयेकडे आहे आणि तोंड काकांच्या घराकडे. काकांचा नातू या शाळेंत शिकतो. परवां तो विचारीत होता कीं, ही चौकट कशासाठीं? आम्हीं त्यास रेडिओ, लांकडाच्या दोन पट्ट्या आणि तारेचें वेटोळें हातांत देऊन घरीं धाडिलें, आणि सांगितलें, “अगोदर तुमच्या घराची मुख्य कळ बाबांकडून बंद करवून घे. मग काय ऐकूं येतं तें मला येऊन सांग.”